मास्तर टिकत नाही, कारण त्याला टिकवणारं कुणी नाही

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वस्त्यांवर काम करताना एक वाक्य आम्हाला सतत ऐकायला मिळतं : "मास्तर टिकत नाही." पारावर बसलेले आजोबा हे म्हणतात, सरपंच म्हणतात, शाळा व्यवस्थापन समितीतली ताईसुद्धा म्हणते. त्यामागचा सूर असा असतो की मास्तर कामचुकार आहे, त्याला शहर हवं आहे, तो मुख्यालयी राहत नाही आणि घरभाडं मात्र घेतो. काही मास्तर तसे आहेतही. पण रोग व्यक्तीत शोधला की व्यवस्था सुटते, आणि आपल्या चळवळीने तरी हा सोपा मार्ग धरू नये. मास्तर का टिकत नाही, याची उत्तरं दोन ठिकाणी सापडतात : पगाराच्या उतरंडीत आणि जिल्हा परिषदेच्या कित्येक वर्षं रिकाम्या राहिलेल्या सभागृहात.

आधी उतरंड पाहू. डी.एड. केलेले, टीईटी पास झालेले चार तरुण घ्या. चौघांचं शिक्षण तेच आणि काम तेच, पहिलीच्या पोराला अक्षर ओळखायला शिकवण्याचं. पहिला जिल्हा परिषदेचा कायम शिक्षक. सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. दुसरा शिक्षणसेवक. तीन वर्षं त्याला पगार नसतो, मानधन असतं. प्राथमिकला ते बरीच वर्षं ६,००० रुपये होतं, जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. तिसरा कंत्राटी. २०२३ मध्ये सरकारने निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपयांवर परत बोलावलं. मग ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे ऐन शिक्षक दिनी, कमी पटाच्या शाळांसाठी १५,००० रुपयांत कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय काढला. शिक्षक रस्त्यावर आले आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. चौथा खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. त्याच्यासाठी वेतनश्रेणी फक्त कागदावर असते. आमच्या ओळखीची एक ताई अशाच एका शाळेत सात हजारांवर शिकवते. सही जास्त रकमेवर होते, पैसे खात्यावर येतात आणि त्यातले निम्मे रोखीने परत जातात. ती बोलत नाही, कारण तिच्या जागेवर यायला दहा जणी तयार आहेत.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचं वर्णन करताना श्रेणीबद्ध विषमतेची कल्पना मांडली. साध्या विषमतेत पिचलेले सगळे एकत्र येऊन उठाव करतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, म्हणून कुणालाच सगळी उतरंड मोडायची नसते. शिक्षकांच्या पेशात नेमकं हेच झालं आहे. कायम शिक्षक जुन्या पेन्शनसाठी लढतो, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नाही. शिक्षणसेवक तीन वर्षं कशी सरतील ते पाहतो. अंशतः अनुदानित शाळेतला शिक्षक वीस टक्क्यांचे चाळीस टक्के व्हावेत म्हणून आझाद मैदानावर बसतो. खाजगीवाला कुठेच नसतो. मागण्या सगळ्या खऱ्या आहेत, पण प्रत्येकाची लढाई वेगळी. मार्च २०२३ च्या संपात शाळा बंद पडल्या तेव्हा सात हजारांवर शिकवणारी आमची ताई रोजच्यासारखी कामावर गेली.

मास्तरच्या पगाराचा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिराव फुल्यांनी तो आकड्यांसह मांडला होता. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा समजून घेणारा असावा. आणि त्याला १२ रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावात तो १५ किंवा २० रुपये असावा. शिवाय गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदणं, टपालाचं काम यांतून त्याला जोड उत्पन्न मिळावं, म्हणजे गावात त्याचं वजन राहील, असंही त्यांनी सुचवलं होतं. मास्तर कोणत्या समाजातून येतो, त्याला किती मिळतं आणि तो गावात का राहील, हे तिन्ही प्रश्न जोतिरावांनी एकत्र विचारले. आज आपण फक्त तिसरा विचारतो आणि तोही टोमणा म्हणून.

आता हे आपल्या भागात कसं दिसतं ते पाहा. बारामती तालुक्याचे दोन भाग आहेत. नीरेच्या कालव्याखालचा, माळेगाव-सोमेश्वरकडचा बागायती पट्टा, आणि सुपे-मोरगावकडचा जिरायती. इंदापुरात एका बाजूला भवानीनगर कारखान्याचा ऊस, दुसऱ्या बाजूला उजनीच्या फुगवट्याकाठची गावं, वीटभट्ट्या, मासेमारी, धरणात गेलेल्या जमिनी. बदलीची वेळ आली की प्रत्येक मास्तर बारामती शहराच्या जवळची शाळा मागतो. त्याची मुलं शहरात शिकतात, बायको तिथेच नोकरी करते. यात गुन्हा नाही. पण लांबच्या वस्तीवरची शाळा मग नव्या, तात्पुरत्या किंवा बाहेरच्या जिल्ह्यातल्या मास्तरच्या वाट्याला येते, आणि त्याचं लक्ष आंतरजिल्हा बदलीकडे असतं. पोरांनी त्याला जीव लावायच्या आत तो गेलेला असतो. त्यातून एखादा टिकलाच, तर त्याला 'प्रतिनियुक्ती'वर पंचायत समितीत बोलावून घेतात. पटावर दोन शिक्षक, वर्गात एक, आणि त्या एकाच्या हातात पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरायचा मोबाइल.

या शाळेत कुणाची पोरं असतात? ज्याला परवडतं त्याने आपलं पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये केव्हाच बसवलं आहे. मागे उरतात बौद्धवाडा, मातंगवस्ती, पारधी, वडार, धनगर, भट्टीवरचे मजूर आणि हंगामात आलेले ऊसतोड कामगार. पट घटतो, मग पटावर बोट ठेवून पदं घटवली जातात. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने तर सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की त्या वर्गांना शिक्षकच नाही, अशी पाळी आणली. आधी शिक्षक द्यायचा नाही, मग पट गळाला की शाळा चालत नाही म्हणायचं. ज्या पोरीला पाचवीनंतर चार किलोमीटर चालत पाठवायला आईबाप तयार नसतात, तिच्या लग्नाची तारीख हाच निर्णय ठरवतो.

मग जाब कुणाला विचारायचा? इथे दुसरं उत्तर येतं. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि निवडणूक पुढे जात राहिली. त्यानंतर जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक होते आणि पंचायत समितीत गटविकास अधिकारी. दर पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे असं संविधानाचं कलम २४३-ई सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. या साऱ्या काळात शिक्षण समिती नव्हती, तिची बैठक नव्हती, प्रश्न विचारणारा सदस्य नव्हता. अनुसूचित जातीच्या राखीव गटातून निवडून येणारी आपली बाईही नव्हती.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, बरं झालं. सदस्य होते तेव्हा बदल्यांत वशिला चालायचा, ठेके चालायचे, अधिकारी निदान नियमाने चालतो. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात, प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांच्या ताब्यात देणं थांबवा, अशी मागणी केली होती. १९२३ च्या कायद्याने शाळा ज्यांच्या हाती जात होत्या, त्यांना अस्पृश्यांच्या शिक्षणाची ना आस्था होती ना त्यांच्यावर आपला वचक होता. म्हणजे निवडून आलेलं मंडळ आपोआप आपलं होतं, हा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता, तो आपल्याकडेही नको.

पण १९२८ आणि आज यांत एक मोठा फरक आहे, आणि तो त्यांनीच घडवला. तेव्हा त्या मंडळांत आपला आवाज नावापुरता होता. आज प्रत्येकाला मत आहे, राखीव जागा आहेत, माहिती मागायचा हक्क आहे. प्रशासक चांगला असेल तर आपलं नशीब, आणि वाईट असेल तर त्याला घालवायचा उपाय आपल्याकडे नाही. वशिलेबाजी करणाऱ्या सदस्याला पाच वर्षांनी तरी दारात यावं लागतं. शिवाय बदल्या संगणकावर गेल्या तरी प्रतिनियुक्त्या तोंडी आदेशावर चालतातच. ज्यांच्यासमोर कुणी उभं राहून विचारत नाही, त्यांचे नियम कागदावरच राहतात.

निळे झेंडे घेऊन कुणाच्या तरी प्रचारात फिरणं आपल्याला नवं नाही. या वेळी झेंड्यासोबत कागद न्यावा.

पहिला कागद माहिती अधिकाराचा. आपल्या तालुक्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रतिनियुक्तीवर कोण, आणि बिंदूनामावलीत अनुसूचित जाती-जमातींचा अनुशेष किती. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. दोन शिक्षकी शाळेत एक जागा रिकामी म्हणजे पन्नास टक्के. हे गणित उमेदवाराला तोंडावर मांडून दाखवा.

दुसरा कागद शाळा व्यवस्थापन समितीचा. कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आमच्या अनुभवात सही करणारी ताई असते आणि बोलणारा दुसराच. त्या ताईच्या शेजारी जाऊन बसा. शिक्षकाला प्रतिनियुक्तीवर पाठवू नये, असा ठराव तिच्या हाताने लिहून घ्या.

तिसरं काम कागदाचं नाही. डी.एड. झालेली जी पोरं-पोरी सात-आठ हजारांवर खाजगीत राबतात, त्यांची एक बैठक घ्या. त्यात शिक्षणसेवकाला बोलवा, अंशतः अनुदानितवाल्याला बोलवा, आपल्या शिक्षक संघटनेच्या कायम मास्तरलाही बोलवा. चौघांनी आपापला महिन्याचा आकडा एकमेकांसमोर मोठ्याने सांगायचा. उतरंड मोडायची सुरुवात तिथून होईल, आणि त्या बैठकीत 'समान कामाला समान वेतन' हा ठराव एकमताने होतो की नाही, त्यावरून आपण कुठे उभे आहोत तेही कळेल.

जय भीम.