दोन घरांची गोष्ट

मुलांना इतिहास किती सांगावा, हा प्रश्न शाळेपेक्षा घराला अधिक अडचणीत टाकतो. शाळेत राजे, लढाया आणि सनावळ्या ह्यांवर भागून जाते. घरात मात्र मूल सरळ विचारते, "तेव्हा आपण कुठे होतो?" ह्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नसते. ते वडीलधाऱ्यांनाच द्यावे लागते, आणि पुष्कळदा वडीलधारे तेवढ्यापुरते दुसऱ्या कामाला लागतात.

आमचे बाजारहत्नूर आदिलाबाद जिल्ह्यातले. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू ह्या चारही भाषा ह्या भागात कानी पडतात. शेजारचे किनवट १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. प्रांतरचना झाली आणि ते तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. मुले शाळेत तेलुगू शिकतात, घरी मराठी बोलतात. बोलणे टिकले तरी वाचणे सुटते, म्हणून चातुर्मासातल्या संध्याकाळी आरतीनंतर देवळाच्या मंडपात मी त्यांना पुस्तके वाचून दाखवितो. गेल्या चातुर्मासात दोन पुस्तके वाचली. एक अमेरिकेतले, दुसरे आपले.

अमेरिकेतले पुस्तक भाच्याने पाठविले होते. क्रिस्टोफर पॉल कर्टिस ह्यांची ती १९९५ सालची कादंबरी. तिच्या नावाचा अर्थ 'वॉटसन मंडळी बर्मिंगहॅमला जातात, १९६३' असा आहे. इंग्रजी वाचीत मी मराठीत सांगत गेलो. गोष्ट सांगतो तो दहा वर्षांचा केनी. घरी आईवडील, व्रात्य थोरला भाऊ बायरन आणि धाकटी बहीण. हे कृष्णवर्णी कुटुंब उत्तरेकडील फ्लिंट शहरात राहते. कडाक्याच्या थंडीत बायरन मोटारीच्या आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाचे चुंबन घ्यावयास जातो आणि त्याचे ओठ आरशालाच चिकटून बसतात. ह्या प्रसंगाला मंडप हसून हसून लोळला. बायरनला वळण लागावे म्हणून सगळे मोटारीने दक्षिणेस आजीकडे निघतात. वाटेत कोठे थांबावयाचे, कोठे मुक्काम करावयाचा, हे आई एका वहीत आधीच लिहून ठेवते, आणि त्या वहीचेच नाव पुस्तकाला मिळाले आहे. एका मुलीने विचारले, "वही कशाला? वाटेत हॉटेले नव्हती?" होती, पण दक्षिणेत कातडीचा रंग पाहून दार उघडत असे. आईच्या त्या वहीने मुलांना जे कळले, ते माझ्या व्याख्यानाने कळले नसते.

पुढची घटना खरी आहे. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. वॉशिंग्टनमधल्या विराट मोर्चाला तीन आठवडेही झाले नव्हते. बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरात बाँब फुटला आणि चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. कादंबरीतली धाकटी बहीण वाचते, पण केनी मनाने खचतो. घरी परतल्यावर तो कोचामागे लपून बसू लागतो. त्याला तेथून बाहेर आणतो तो व्रात्य बायरनच. मंडपात कोणी हसले नाही. एकाने एवढेच विचारले, "त्या देवाच्या घरात होत्या ना?" दुसऱ्याने विचारले, "बाँब ठेवणारे सापडले का?" पहिला गुन्हेगार दोषी ठरावयास १९७७ साल उजाडले आणि शेवटचा २००२ साली दोषी ठरला, हे सांगताना मला माझाच आवाज जड वाटला.

त्यानंतर 'श्यामची आई' घेतले. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले, हे अनेकांस ठाऊक असेल. त्यात अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची लाकडाची मोळी पडते, आणि आई श्यामला ती तिच्या डोक्यावर चढवून द्यावयास सांगते. काम झाल्यावर त्याने आंघोळ करावी, असेही आईचे सांगणे आहे. हा प्रसंग मी लहानपणापासून डोळ्यांत पाणी आणून वाचत आलो. ह्या वेळी एका दहा वर्षांच्या मुलाने मध्येच थांबवून विचारले, "मोळी उचलणे चांगले काम होते, तर मग आंघोळ कशाला?"

माझे चुलते खांबाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "देवाच्या दारात बसून देवळाची उणी मुलांपुढे काढू नयेत. श्रद्धा एकदा गेली की पुन्हा लावता येत नाही." त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. ज्यांनी देऊळ सांभाळले, दुष्काळातही नंदादीप विझू दिला नाही, त्यांची ती भीती आहे. तरी मुलाचा प्रश्न देवाविषयी नव्हताच. तो माणसांविषयी होता.

उत्तर दिले ते आमच्या आत्याबाईंनी. त्यांच्या घरची पंढरीची वारी पिढ्यांची. त्या म्हणाल्या, "महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर आम्ही आधी डोके ठेवतो आणि मग आत जातो. चोखोबा बाहेर का, हे आम्हांला लहानपणी कोणी सांगितले नाही. विचारलेही नाही. ह्या पोराने विचारले, तर सांगा त्याला."

मग मी सांगितले. आई आपल्या काळाच्या उंबरठ्यापर्यंत आली. मोळी उचलण्याइतके तिचे मन मोठे होते; आंघोळीचा नियम ओलांडणे तिच्या हाती आले नाही. ज्या मुलाने ती मोळी उचलली, तो मोठा झाल्यावर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास बसला. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य गणलेल्यांस खुले व्हावे, एवढीच त्याची मागणी होती. त्याआधी तो ह्याच मागणीसाठी महाराष्ट्रभर फिरला होता. १० मे रोजी उपोषण सुटले आणि दार उघडले. पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली ती पाळणे शिक्षेस पात्र ठरविणारा कायदा झाला. आईने अर्ध्यावर सोडलेले काम मुलाने पुढे नेले. आईचा अवमान करून नव्हे, तिचेच शिकवणे शेवटास नेऊन.

त्या रात्री दोन्ही पुस्तके उशाशी घेऊन मी विचार करीत राहिलो. त्यांतला एक भेद मला पूर्वी जाणवला नव्हता. वॉटसनांची गोष्ट ज्या घरावर घाव पडला त्या घरातून सांगितलेली आहे. श्यामची गोष्ट ज्या घराला दार मोकळे होते त्या घरातून. मोळीवाली म्हातारी येते, मोळी घेते आणि पानावरून निघून जाते. तिचे घर कोठे, संध्याकाळी तिने नातवंडांना काय सांगितले, "मला शिवून एक पोर आंघोळीला गेले" हे सांगताना तिला काय वाटले असेल, हे त्या पानावर नाही. आपण आईसाठी रडतो. म्हातारीच्या मागे तिच्या घरापर्यंत जात नाही. दहा वर्षांच्या मुलाचे मन मात्र तिच्याकडे गेले, कारण तो आधी केनीच्या घरी राहून आला होता.

म्हणून येत्या चातुर्मासासाठी मी डॉ. नरेंद्र जाधव ह्यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' निवडले आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ओझरहून मुंबईस गेलेल्या एका दलित बापाची आणि त्याच्या लेकरांची कथा आहे, आणि ती त्याच घरातून सांगितलेली आहे. मुलांना झेपतील तेवढेच भाग घेईन. वाचन मंडपातच होईल. आरतीनंतर आपोआप येतात त्यांच्यापुरते ते न ठेवता, वस्तीतल्या प्रत्येक आळीत जाऊन मुलांना नावाने बोलवावे, असे ठरविले आहे. कायद्याने दार उघडते. आमंत्रण मात्र कोणीतरी जाऊन द्यावे लागते. आत्याबाई माझ्याबरोबर येणार आहेत.

चुलत्यांना हे अजून पूर्णपणे पटलेले नाही. मात्र पुस्तक त्यांनी आधी स्वतः वाचावयास मागून नेले आहे, आणि पंधरा दिवस झाले तरी परत केलेले नाही. आपापल्या गावच्या देवळात वाचकांनीही मुलांना असे काही वाचून दाखवावे, आणि मूल मध्येच थांबवून विचारील तेथे पान उलटण्याची घाई करू नये.