गवसणी

असामान्य पराक्रम करणाऱ्याविषयी ‘त्याने आकाशाला गवसणी घातली’ असे आपण म्हणतो. गवसणी म्हणजे वीणा, तंबोरा यांसारख्या वाद्यांवर घालावयाची कापडी खोळ. वर्ध्याच्या एखाद्या घरातील मुलगी शिक्षणासाठी परदेशी निघते आणि आपला तंबोरा बरोबर घेते, तेव्हा ती गवसणी खरोखरीच आकाशात जाते. घरच्यांचा जीव मात्र टांगणीला लागतो.

तसे होणारच. तंबोऱ्याचा भोपळा हा खराखुरा भोपळा असतो! पंढरपूरकडील शेतांत वाढलेली ही कडू फळे महिनोन्महिने वाळवून मिरजेच्या कारागिरांकडे जातात. मिरजेत या धंद्याचा पाया एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी घातला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले आणि ते कुशल हात तारांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसने तंबोरा थेट वर्ध्याला आणता येतो. गाडीत तो बाकाशेजारी उभा राहतो, आणि त्याच्यावर एक हात ठेवून माणसाला डुलकीही घेता येते.

विमानात ही सोय नाही. जवळचे विमानतळ नागपूरचे, सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर. प्रवाशाने जवळ ठेवावयाच्या सामानाला साधारणतः ७ किलोंची मर्यादा असते. तंबोरा वजनात बसेलही, पण त्याच्या चार-पाच फूट उंचीचे काय करावे? काही गवई वाद्यासाठी निराळे तिकीट काढतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांचा तंबोरा विमानाच्या पोटात, जड पेट्यांच्या संगतीस जातो.

म्हणून आधी तारा सैल करतात. ताणलेल्या तारांचा भार दांडीवर असतो, आणि एखादा हिसका बसला की भोपळा व दांडी यांच्या सांध्यालाच तडा जातो. तारा पार काढून मात्र टाकीत नाहीत, नाहीतर घोडी जागची हलते. मग मजबूत पेटीत भोपळ्याभोवती कापूस आणि जुन्या लुगड्यांच्या घड्या दाबून बसवतात. वर्धा हा कापसाचा जिल्हा. तेथे या सामग्रीला तोटा नाही. वैशाखात आणखी एक धास्ती असते. बंद मोटारीत पेटी उन्हात राहिली, तर सांध्यांतील सरस मऊ पडतो.

तंबोऱ्याचा आवाज हल्ली फोनमध्येही मिळतो, मग ही यातायात कशाला, असे कोणी विचारील. पण फोनमधला स्वर आयताच लागलेला असतो. भोपळ्याचा तंबोरा रोज उतरतो आणि रोज लावावा लागतो. त्या लावण्यातच गाणाऱ्याचा कान तयार होतो.

परदेशी पोहोचल्यावर पेटी उघडतात, तेव्हा आधी कोणी तार छेडीत नाही. भोपळ्यावर बोटाने हलकेच टकटक करून ऐकतात. नाद बद्द आला, तर कोठेतरी चीर गेली असे समजावे. तो घुमला, की पंचम, दोन षड्ज आणि शेवटी खर्ज अशा तारा चढू लागतात. घोडीवरचा सुताचा धागा कणाकणाने सरकवीत जवारी जुळवली जाते. मग मुलगी वर्ध्याला फोन लावते, तो तारांजवळ धरते आणि विचारते, “आई, ऐकू येतो का गं?”