सूर बदलला म्हणून

कलावंतानें आपली वाट बदलली म्हणजे त्याच्या चाहत्यांना आपली फसगत झाली असें कां वाटावें, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत आहे. त्याला निमित्त झालें इंग्लंडांतील शेफील्डच्या एका बँडचें. ‘ब्रिंग मी द होरायझन’ हें त्याचें नांव. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाच्या तोंडीं हें नांव ऐकून वाचकांना थोडें हंसूं येईल, येऊं द्या.

२००४ सालीं जमलेल्या या मुलांचा पहिला संग्रह २००६ सालीं निघाला. ज्याला ‘मेटलकोअर’ म्हणतात तो प्रकार म्हणजे हेवी मेटलची गिटार आणि हार्डकोअर पंकचा संताप यांचा संकर. या पहिल्या संग्रहांत तर तो नेहमींपेक्षांहि उग्र होता. येथें गायक गात नाहीं, ओरडतो. पण त्या ओरडण्यालाहि तालीम लागते. स्वरतंतूंच्या वर ज्या दुसऱ्या घड्या असतात त्यांना कंप देऊन तो घोगरा, फाटका आवाज काढावयाचा असतो. नाहीं तर चार दिवसांत गळा बसावयाचा. मध्येंच लय एकाएकीं निम्मी होते, गिटारी आणि ढोल एकाच आघाताला बांधले जातात, आणि ऐकणाराला पायांखालची जमीन खचल्यासारखें वाटतें. या जागेला ते लोक ‘ब्रेकडाउन’ म्हणतात.

२०१३ च्या ‘सेम्पिटर्नल’पासून हे गृहस्थ गाऊं लागले. जॉर्डन फिश हा कीबोर्डवादक नुकताच त्यांना येऊन मिळाला होता. २०१५ च्या ‘दॅट्स द स्पिरिट’मध्यें आरोळी जवळजवळ नाहींशी झाली, आणि २०१९ च्या ‘आमो’मध्यें तर नृत्यगृहांतलें यंत्रसंगीत शिरलें. ‘आमो’ ब्रिटनमधील विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेला. या मंडळींना तो मान प्रथमच मिळत होता. पण जुन्या चाहत्यांचा संशय त्यानें पक्काच झाला. हे पैशासाठीं विकले गेले, असें ते म्हणूं लागले.

माझा एक भाचा या चाहत्यांपैकीं. त्याचें गाऱ्हाणें मीं हंसण्यावारी नेलें नाहीं, याला कारण आहे. २०१० सालीं त्याचे वडील वारले आणि तो शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आला. मुलगा रडला नाहीं, धड बोललाहि नाहीं. खोलीचें दार लावून त्याच वर्षीं निघालेला या बँडचा संग्रह तो तासन् तास ऐकत बसे. भिंतीपलीकडचा तो कल्लोळ आमच्या घरांत कोणालाच सोसत नसे. पुष्कळ वर्षांनीं तो मला म्हणाला, “मामा, तुम्ही सगळे मला ‘धीर धर’ म्हणत होतां. तो एकटाच तसें म्हणाला नाहीं.” मग थोडें थांबून, “आतां तोहि म्हणूं लागला.”

वर्ड्स्वर्थनें १८४३ सालीं राजकवीचें पद स्वीकारलें, तेव्हां ब्राउनिंगनें त्याच्यावर कठोर कविता लिहिली. ती शिकवितांना वर्गाला नेहमीं स्फुरण चढतें. परंतु ब्राउनिंगचा रोष वर्ड्स्वर्थनें स्वातंत्र्याचा पक्ष सोडल्याबद्दल होता. त्याच्या काव्यशैलीबद्दल नव्हे. माझ्या भाच्याचा पक्ष कोणी सोडला नव्हता. त्याचा सोबती हरवला होता, आणि या हानीला दगा हें नांव देणें मला बरोबर वाटत नाहीं.

कारण सोबत्याचीहि एक बाजू असते. ऑलिव्हर साइक्स हा गायक पहिल्या संग्रहाच्या वेळीं विशीच्या उंबरठ्यावर होता. पुढें तो केटामिनच्या आहारीं गेला व उपचार घेऊन त्यांतून बाहेर पडला. २०१४ सालीं एका पारितोषिक-समारंभांत त्यानें हें स्वतःच्या तोंडानें जाहीर केलें. बाहेर आल्यावर आपल्याला ओरडावेंसें वाटेना, गावेंसें वाटूं लागलें, असेंहि त्यानें सांगितलें. बुडणाराची हांक ऐकून आपल्याला सोबत वाटली असेल. पण तेवढ्यासाठीं त्यानें बुडतच राहावें, असें म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

तरीपण ‘दॅट्स द स्पिरिट’ मला आवडत नाहीं, हेंहि सांगून टाकतों. त्यांतील धृपदें इतकीं गुळगुळीत आहेत कीं दुःख त्यांवरून घसरून जातें. ‘सेम्पिटर्नल’मध्यें एकाच गाण्यांत गाणारा आणि ओरडणारा असे दोघे झगडत असतात व कोणाची सरशी होईल तें शेवटपर्यंत कळत नाहीं, माझ्या मतें तोच त्यांचा सर्वांत चांगला संग्रह. ‘आमो’हि मला बरा वाटतो. पोर्तुगीज भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘मी प्रेम करतों’ असा आहे. त्यांत ग्राइम्सचा आवाज आहे, डॅनी फिल्थचा आहे, आणि नुसत्या तोंडानें ढोलाचे बोल काढणारा राहझेलहि आहे. चांगला चाललेला साचा चार वर्षांत मोडणें, हें विकल्या गेलेल्या माणसाचें लक्षण खचित नव्हे. आणि यंत्राचा सूर ज्यांना परका वाटतो त्यांनीं शेफील्डच आठवावें. पोलादाच्या त्याच शहरांत १९७३ सालीं ‘कॅबरे व्होल्टेअर’ आणि १९७७ सालीं ‘ह्यूमन लीग’ उभे राहिले. दोघांचाहि भर यंत्रसंगीतावर होता.

‘आमो’मध्यें ‘हेवी मेटल’ नांवाचें एक गाणें आहे. रागावलेल्या चाहत्यांचीच त्यांत थट्टा आहे. सारें हलक्या तालावर चाललें असतां शेवटीं क्षणभर ती जुनी आरोळी फुटते आणि गाणें संपतें. मला हंसूं आलें. भाच्याला तो निव्वळ चावटपणा वाटला.

२०२० च्या ‘पोस्ट ह्यूमन: सर्व्हायव्हल हॉरर’मध्यें आरोळी पुष्कळ अंशीं परत आली. भाच्यानें लगेच फोन केला. स्वारी खुषींत होती. आतां तुझी तक्रार मिटली ना, असें मीं विचारलें. “मिटली कीं,” तो म्हणाला, “हा चांगलाच आहे, मामा.” २०१० चा संग्रह मात्र तो अजून कोणासमोर लावीत नाहीं.