चांदूरची पाटी, आठ बटणं

वीकेंड म्हटलं की आपल्या डोक्यात लोणावळा, फार तर चिखलदरा. चांदूर रेल्वेला कोण जातं बॉस? आम्ही गेलो, आणि तेही गेमच्या कंट्रोलरवर चित्र चिकटवायला!

आधी नावाचा गोंधळ मिटवू. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. अचलपूरच्या बाजूला चांदूर बाजार, आणि मुंबई-हावडा लाइनवर बडनेऱ्याच्या पुढं हे चांदूर रेल्वे. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडातला कापूस गाडीनं मुंबईला निघाला. गावाच्या नावाला रेल्वे चिकटली ती कायमची. गंमत म्हणजे खुद्द स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नुसतंच 'चांदूर'! अमरावतीहून एसटीनं आलात तर वाटेत पोहरा-चिरोडीचं जंगल लागतं. पावसाळा संपता संपता या आणि खिडकी सोडू नका.

तर हे आमच्या पुण्यातल्या एका दोस्ताचं गाव. त्यानं आर्केड स्टिक घेतलीय. म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनचा वरचा भागच समजा. डावीकडे गोल मुठीचा दांडा, उजवीकडे आठ बटणं. 'मुस्तफा' आठवतोय ना? कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', पण आपल्याकडे तो त्यातल्या एका हीरोच्या नावानंच गाजला. दोस्ताला तो खेळायला शिकवला दादानं. दादा इथंच राहिला, शेती बघतो. भेट दिवाळीला, आणि फोनवर बोलणं म्हणजे कापसाचा भाव नि आईचं बीपी. म्हणून स्टिक दादाकडेच ठेवायची आणि तिच्यावर दादाच्या पसंतीचं चित्र लावायचं, असा प्लॅन. दोस्ताच्या लॅपटॉपमध्ये ड्रॅगन, ज्वाळा सगळं तयार. दादानं एका वाक्यात निकाल लावला, "टेशनची पाटी लाव ना बे."

आता हे छापायचं कुठं? त्यासाठी परदेशातून पार्सल मागवायची काहीच गरज नाही. गाड्यांच्या नंबर प्लेट आणि बाइकचे स्टिकर करणारं रेडियमचं दुकान तालुक्याच्या गावात असतंच. कोरल ड्रॉ, व्हिनाइल, कटिंगचं मशीन, सगळा मामला तिथं हजर. दुकानदारानं पॅनल उलटंपालटं करून पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, "एवढे भोकं कायले पाह्यजे भाऊ?"

खरी मेख या भोकांतच आहे. सॅनवा या जपानी कंपनीची बटणं बसवायची तर भोक ३० मिलिमीटरचं. ३०० डीपीआयवर फाइल बनवली की हे माप जवळपास ३५४ पिक्सेल. चित्र जरा सरकलं की 'चांदूर'मधला 'दू' थेट बटणाखाली! त्यामुळे आधी साध्या कागदावर प्रिंट काढून पॅनलवर ठेवून बघायची. आमची पहिली प्रिंट बारकी आली, कारण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' चालू होतं. साइज शंभर टक्के केली, भोकावर भोक आलं. तो एक कागद वाया गेला म्हणून पुढचं व्हिनाइल वाचलं. लॅमिनेशन मात्र मॅट घ्या. चकचकीत घेतलंत तर खेळताना ट्यूबलाइटच दिसत राहील.

मधल्या वेळात दोस्तानं स्टिक उघडली. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो हवाच. दांड्याचा गोळा निघत नसेल तर खालून पेचकसानं दांडा धरा आणि वरून गोळा फिरवा. बटणांच्या बाजूच्या खिट्ट्या दाबल्या की बटणं टकाटक बाहेर येतात.

चिकटवण्याचं काम आम्ही निमूटपणे दुकानदारावर सोडलं. पॅनल पुसून त्यानं साबणाचं पाणी फवारलं, व्हिनाइल टेकवलं, हलकं सरकवून जागेवर आणलं. मग मधून कडेकडे प्लास्टिकच्या पट्टीनं पाणी नि हवा बाहेर. पाण्यामुळं थोडा वेळ सरकवता येतं, हा बाइकवाल्यांचा फंडा. भोकं सगळ्यात शेवटी, मागच्या बाजूनं, नव्या ब्लेडनं. "एक डाव कापलं का मंग जुळत नाई," असं म्हणत त्यानं आठही भोकं कापली आणि नववं दांड्याचं. बटणाची कड भोकापेक्षा मोठी असते, त्यामुळे बारीकसारीक वाकडेपणा तिच्याखाली झाकला जातो.

रात्री घरी जोडाजोड झाली. पिवळ्या पॅनलवर काळ्या अक्षरांत 'चांदूर', खाली आठ बटणं. दादानं दांडा दोन-चारदा फिरवला आणि धाकट्याला सलग तीन वेळा लोळवलं. रविवारी आम्ही निघालो तेव्हा त्यानं स्टिकवर आईचा धुतलेला टॉवेल घातला होता, धूळ बसू नये म्हणून. दोस्तानं पुढच्या महिन्याचं तिकीट गाडीतच बुक केलं.