बारीक माणसाची साखर

१२ जून २०२४, बरकतपुरा, हैदराबाद

रिपोर्ट आला. एचबीएवनसी ६.३. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा हा आकडा ५.७ च्या खाली असला तर निर्धास्त, ६.५ ला मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात, पण पलीकडच्या काठाला टेकलेली. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचं एकच: "तुम्हाला? अहो, तुमच्या अंगावर मांस तरी आहे का?" वजन ५१ किलो, म्हणून कुणाला खरंच वाटेना.

मला वाटलं. बाबाही असेच शिडशिडीत होते.

१३ जून

बाबांचं आज नीट लिहून ठेवते. एवढं पथ्य कशासाठी, असं पुढे लोक विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर एकच आहे.

त्यांना पंचेचाळिशीत साखर निघाली. डॉक्टरांनी "गोड बंद" एवढंच सांगितलं, आणि बाबांनी ते शब्दशः पाळलं. चहा बिनसाखरेचा. दिवाळीत करंजीला हात नाही. इराण्याकडे बसले तरी उस्मानिया बिस्किट बशीत तसंच. पण दोन्ही वेळा भात तीनदा वाढून घ्यायचे: आधी वरणभात, मग चारूभात, म्हणजे सारभात, शेवटी दहीभात. भाजी डाव्या बाजूला चमचाभर, लोणच्याच्या शेजारी. दहीभात संपला की ताट बोटांनी निपटून स्वच्छ करायचे. आम्ही कौतुकाने म्हणायचो, बाबांचं पथ्य म्हणजे पथ्य! त्या पांढऱ्याशुभ्र सोनामसुरीची पोटात साखरच होते, हे बाबांना कुणी सांगितलं नाही.

आधी डोळे गेले. लेझर झालं, तरी पेपरातले मथळे तेवढे दिसायचे. मजकूर आईने वाचून दाखवायचा. मग पाय. नव्या चपलेचा पट्टा अंगठ्याला लागला होता आणि त्यांना कळलंच नाही, कारण पायाला संवेदना उरली नव्हती. लादीवर रक्ताचे ठसे आईला दिसले. दोन बोटं काढली, काही महिन्यांनी गुडघ्याखालचा पाय काढला. रोज संध्याकाळी काचीगुड्यावरून सुलतान बाजारपर्यंत पायी जाऊन येणारा माणूस.

मला शेवटपर्यंत वाचता आलं पाहिजे आणि स्वतःच्या पायांनी बाजारात जाता आलं पाहिजे. वजन, कंबर, फोटो यांच्याशी माझ्या पथ्याचा संबंध नाही.

१६ जून, रविवार

बारीक माणसाला साखर का होते, याचं उत्तर आपल्याकडच्याच एका डॉक्टरांनी शोधलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. वजन-उंचीच्या तक्त्यात दोघेही सारखेच निरोगी. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपासची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे हे आपण जन्मतःच घेऊन येतो. भाताची साखर साठवायला मोठी कोठी म्हणजे स्नायू. ती कोठीच लहान असेल तर तीन वाढप भात जाणार कुठे?

हे वाचून मी रडले. बाबा नियम मोडत नव्हते. त्यांना अर्धाच नियम दिला होता.

१९ जून

मी काय करणार, ते ठरवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतल्या तेलुगू घरांत वीरमाचनेनी रामकृष्ण यांच्या आहाराची लाट होती: धान्य पूर्ण बंद, खोबरेल तेल, लिंबं, भरपूर पाणी. त्याच सुमारास परभणीला दादाच्या घरी दीक्षित डाएट सुरू होतं, दिवसातून दोनदा जेवण, प्रत्येक पंचावन्न मिनिटांच्या आत. दोन्हींनी लोकांना जेवणाकडे आणि इन्सुलिनकडे बघायला शिकवलं, याचं मोल मी मानते. पण मला वजन गमवायचं नाही, आणि आयुष्यभर झेपेल असंच हवं. तेव्हा पिष्टमय पदार्थ दिवसाला १३० ग्रॅमच्या आत, डाळी-दही-अंडी-पनीर वाढवायचं, तेल-तूप बेताने. डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि मगच प्रथिनं वाढवायला होकार दिला. सोबत हलके डंबेल्स. कोठी वाढवायची आहे ना.

२३ जून, रविवार

तार्नाक्याला मावशीकडे गेले होते. जाताना राष्ट्रीय पोषण संस्थेचं फाटक लागतं. लहानपणापासून त्या रस्त्याने जातेय, पण आज रिक्षा हळू घ्यायला लावली. ही संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झाली, ती बेरीबेरीच्या शोधासाठी. बेरीबेरी म्हणजे कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांचा आजार. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली. त्याच संस्थेने या मे महिन्यात नवी आहार मार्गदर्शिका काढली आहे: धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांवर जाऊ नये, आज आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के आहे. २००० कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. आमच्या ताटात हे उलटं होतं. माझं पथ्य संस्थेच्या ताटापेक्षाही कडक आहे, पण दिशा तीच.

२ जुलै

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग आहेत, तरी घेतल्या. रात्री नेहमीचा वाडगाभर भात आणि पप्पू, म्हणजे तेलुगू वरण, जेवून दोन तासांनी: १८८. आज आधी तोंडल्याची भाजी, दाट पालकूरा पप्पू (पालकाचं वरण), दही, आणि शेवटी भात चारच घास: १३२. आईला बोलावून दोन्ही आकडे दाखवले. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे यंत्र तेव्हा आपल्याकडे असतं तर गं…"

६ जुलै

कामाला येणाऱ्या मावशी महबूबनगरकडच्या. त्यांनाही साखर आहे. त्या सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी घरी रोज जोन्न रोट्टे, म्हणजे आपली ज्वारीचीच भाकरी, नाहीतर ज्वारीची गटका. भात सणाला. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांनी रेशनवर दोन रुपये किलो तांदूळ दिला आणि भात रोजचा झाला. पोटभर भात मिळणं ही त्या घरांसाठी मानाची गोष्ट होती. तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. फक्त, तेव्हा त्या दिवसभर शेतात खपत होत्या.

आता सगळे म्हणतात ज्वारी खा, कोर्रा म्हणजे राळं खा. खाते, अर्धी भाकरी. पण ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅममागे सदुसष्ट-अडुसष्ट ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतातच. तंतू जास्त, पचायला वेळ लागतो, हा फायदा खरा. दोन भाकऱ्या मात्र दोन भाकऱ्याच.

१७ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाणा शंभर टक्के नाही म्हटलं तरी जवळजवळ सगळा स्टार्चच. त्यात बटाटा, वर रताळं, संध्याकाळी वरई. बाबांची साखर एकादशीला सगळ्यात जास्त चढत असणार. आज मी भिजवलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, दही, मूठभर बदाम आणि ताक यांवर उपास केला. आईने देवापुढे नैवेद्याला वाटीभर खिचडी ठेवली. त्यातला एक चमचा प्रसाद म्हणून घेतला. तुपातल्या जिऱ्याचा आणि कुटाचा तो वास! मला खिचडी अतिशय आवडते, आणि ते लपवण्याचं काही कारण नाही.

२८ जुलै, रविवार

बोनालू, इथला देवीचा सण. समोरच्या अक्का हळदी-कुंकवाने सजवलेलं, कडुनिंबाचा डहाळा लावलेलं बोनम, म्हणजे नैवेद्याच्या भाताचं मडकं, घेऊन देवळात जाऊन आल्या आणि परत येताना आमच्याकडे प्रसाद दिला: दूध-गुळात शिजवलेला भात. उभ्याउभ्या दोन बोटांनी खाल्ला. देवीच्या भाताचा हिशेब वहीत मांडला नाही. दुपारच्या जेवणातून भाकरी वगळली, बस.

८ ऑगस्ट

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने माझं ऐकून एकदम भात-पोळी बंद केली आणि अकरा वाजता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. ते ग्लिमेपिराइड घेतात. ते औषध इन्सुलिन वाढवतं. वरून जेवणातली साखर काढली की रक्तातली धोक्याइतकी खाली येते. त्यांना साखरेचं पाणी दिलं, मग डॉक्टरांकडे पाठवलं. गोळीचा डोस कमी झाला. आता कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

१३ सप्टेंबर

नवा एचबीएवनसी ५.८. वजन ५१ वरच. गौरी-गणपतीत उकडीचे मोदक झाले, तूप घालून एक खाल्ला.

संध्याकाळी परभणीला फोन केला. दादाला गेल्या वर्षापासून पायांना मुंग्या येतात, असं वहिनी मध्येच बोलून गेल्या. दादाचं म्हणणं, "अगं, मी केवढा बारीक. मला कसली साखर?" मी त्याला बाबांचं वजन विचारलं. तो गप्प झाला. उद्या सकाळी रक्त द्यायला जातो म्हणालाय. नुसती उपाशीपोटीची करू नकोस, जेवणानंतर दोन तासांचीही कर आणि एचबीएवनसी सांगून लिहून घे, असं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. वहिनींना वेगळं सांगितलंय: रात्री झोपण्याआधी त्याचे तळपाय बघा, बोटांच्या मधल्या बेचक्यासुद्धा.