घर आजचे, यंत्र कालचे

कर्जखात्याचे नूतनीकरण करताना बँकेत एक शिस्त पाळावी लागते. गेल्या वर्षी मर्यादा किती होती हे नोंदीसाठी पाहायचे. नवी मर्यादा ठरवायची ती आजचा माल, आजची येणी आणि आजची उलाढाल पाहून. व्यापारी वाचकांना हा नियम समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुकानात मात्र आपण तो काटेकोरपणे पाळतो आणि घरात विसरतो. यंदा आमच्या वसईच्या घरातील मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा बदलण्याची वेळ आली, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले.

जुनी यंत्रणा २००६ सालची, साडेआठ टनांची, छताखालच्या डक्टमधून सर्व खोल्यांना गारवा देणारी. त्या वेळी घरात आम्ही नऊ माणसे होतो. आता वडील नाहीत, भाऊ सहकुटुंब विरारला स्वतःच्या घरी राहतो, मुलगा पुण्यात आहे आणि मुलगी सासरी. उरलो तिघे : शहाऐंशी वर्षांची आई, पत्नी आणि मी. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आलेल्या विक्रेत्याने जुन्या यंत्रावरील पट्टी वाचली आणि तेवढ्याच क्षमतेचे दरपत्रक पाठवले. भावाचेही मत तेच पडले : “दादा, होते तेवढेच घ्या. सणावाराला सगळे जमलो तर?” त्याच्या बोलण्यात आपुलकी होती. परंतु वर्षातील आठ दिवसांसाठी उरलेल्या दिवसांचा भार किती घ्यावा, हा प्रश्न हिशेबाचा होता.

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. साडेआठ टन म्हणजे जवळपास तीस किलोवॅट. यंत्र चालू असताना मी अनेकदा मीटरवरील नोंद घेतली होती; तासाला साधारण नऊ युनिटे जात. रात्रीचे सहा तास धरले तरी महिन्याला सोळाशेहून अधिक युनिटे होतात, आणि महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढतो तसा प्रति युनिट दरही चढत जातो. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. रात्री स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली रिकामी असते. तरीही डक्ट त्यांना गारवा पुरवीतच राही. थर्मोस्टॅट एकच आणि तोही दिवाणखान्यात. त्यामुळे आईला मे महिन्यातही शाल घेऊन झोपावे लागे.

वसईच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. येथील त्रास कोरड्या उन्हापेक्षा दमटपणाचा अधिक. यंत्र गरजेपेक्षा मोठे असेल तर खोली झटपट थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतील ओल तशीच राहते. अंगाला गार वाटते, तरी चिकचिक जात नाही. येथे ओल काढायला यंत्र सावकाश आणि दीर्घकाळ चालणे हिताचे असते. समुद्राच्या खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर गंजते, म्हणून तांब्याची आणि संरक्षक लेप असलेली कॉइल मागावी, आणि युनिट हात पोहोचून धुता येईल अशा जागी बसवावे. जमिनीवर मात्र ठेवू नये. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये साचलेले पाणी ज्यांनी पाहिले, त्यांना याचे कारण सांगायला नको.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, पुन्हा तेवढीच डक्टची यंत्रणा. दुसरा, व्हीआरएफ : बाहेर एक युनिट आणि आत प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्र. डायकिन या जपानी कंपनीने १९८२ मध्ये ही पद्धत प्रथम आणली. मोठ्या, भरलेल्या घरासाठी ती उत्तम. पण बाहेरचे एकमेव युनिट बिघडले तर सारे घर बंद, आणि दुरुस्तीला प्रशिक्षित माणूसच हवा. तिसरा, खोलीनिहाय स्वतंत्र इन्व्हर्टर यंत्रे. एक थांबले तरी बाकीची चालतात. घरात वृद्ध माणूस असताना मला हा मुद्दा निर्णायक वाटला.

गॅसचाही प्रश्न होता. जुन्या यंत्रात आर-२२ होता. ओझोन थराला हानी पोहोचवणारा हा वायू १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो, काहींत आर-२९०. “जुन्याच यंत्रात नवा गॅस भरून देतो,” असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नकार द्यावा. आर-३२ चा दाब अधिक असतो, तो ज्वलनशीलही आहे. जुने यंत्र त्यासाठी बनवलेले नसते. जुना गॅसही हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून न्यायला सांगावे.

खरेदीपूर्वी आम्ही गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप दिला आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जे केले. आत येणारी उष्णता अडवणे हे ती विजेने बाहेर काढण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यानंतर मापे घेऊन आईच्या खोलीत एक टन, आमच्या खोलीत दीड आणि दिवाणखान्यात दोन, असे साडेचार टन ठरले. तारांकनाच्या लेबलवर वर्षाची युनिटे छापलेली असतात, ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. आपला वापर त्या प्रमाणात मोजावा. तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलवरील कालावधीही वाचावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुने दरपत्रक हाती असेल तर नवे मागून घ्यावे.

वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांचा निर्णय सर्वांत कठीण गेला. तेथे यंत्र नको, असे मी म्हणालो तेव्हा पत्नी बराच वेळ गप्प राहिली. मुलांच्या खोल्यांतून गारवा काढून घेणे म्हणजे ती आता पाहुणी झाली, हे कागदावर लिहून देण्यासारखे होते. अखेर आम्ही त्या खोल्यांत तांब्याची नळी, पाण्याच्या निचऱ्याचा पाइप आणि विजेची जोडणी भिंतीत घालून ठेवली, तोंडे सीलबंद केली. यंत्र बसवायचे झाल्यास भिंत फोडावी लागणार नाही. ताळेबंदात अशा गोष्टीला तरतूद म्हणतात. पत्नीला तो शब्द पटला.