एक नाव, दोन पेट्या

मुलांनो, मोबाइलला घरात इंटरनेट पुरवणारी राउटरची पेटी तुम्ही पाहिली असेल. तिला चालवणाऱ्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. नांदेडला आमच्या घरची पेटी जुनी झाली. कंपनीने तिचे फर्मवेअर सुधारणे थांबवले. अशी पेटी चालते. पण तिच्यातील उणिवा तशाच राहतात आणि चोरांना वाट मिळते. मग चांगली पेटी फेकून द्यायची का?

उत्तर शोधताना मला एका राउटरची हकिकत कळली. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ साली निघाला. त्याचे फर्मवेअर लिनक्सवर आधारलेले होते. लिनक्सच्या परवान्यामुळे कंपनीला २००३ मध्ये त्याची मूळ आज्ञावली खुली करावी लागली. तिच्यावरूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर तयार झाले. पण २००५ च्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने फर्मवेअर साठवण्याची जागा ४ मेगाबाइटवरून २ मेगाबाइट केली. नाव तेच, रूप तेच; तरी ओपनडब्ल्यूआरटी तिच्यात मावेना!

म्हणून मी आमची पेटी उलटी केली. तळाचा आवृत्ती क्रमांक वाचला, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीशी ताडून पाहिला आणि नेमके त्याच आवृत्तीचे फर्मवेअर घातले. दुसरे घातले, तर पेटी कायमची बंद पडू शकते. आज तीच पेटी अम्मीच्या खोलीत चालते.

मुलांनो, वस्तू टाकण्याआधी ती एकदा उलटून वाचा.